वाणातली चार चाकं

कडावहून कर्जतला येताना एक लांब उतार लागतो. सकाळी रस्ता मोकळा असला की तिथे मी गाडी न्यूट्रलला टाकून पाय काढून घेतो. माझी गाडी विजेवरची, त्यामुळे इंजिनाची घरघर नाही. काच खाली केली की खाचरांतल्या पाण्यावरून आलेला वारा, बगळ्यांची हालचाल, बांधावरून जाणाऱ्या कुणाचं तरी खोकणं, सगळं आत येतं. गाडी आपल्या मनानं घरंगळत जाते आणि उतार संपल्यावर एका मोठ्या आंब्यापाशी हळूहळू थांबायला येते. तेवढा वेळ आपण गाडीत आहोत की झोपेत, हे मला नीट सांगता येत नाही. मग पाय पुन्हा खाली जातो आणि दिवस सुरू होतो.

साजगावच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम मी सव्वीस वर्षं करतो आहे. हातात मापं घ्यायचा व्हर्नियर धरायचा आणि दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या. हे काम हळूहळू माणसाच्या अंगात मुरतं. भाकरी कुठे जाड झाली आणि कुठे पातळ, ते मला घास घ्यायच्या आधी दिसतं, असं बायको म्हणते. ती हे कौतुकानं म्हणत नाही.

गाडी मुंबईहून आलेली, दुसऱ्या हातची. बॅटरीचं वय झालेलं होतं. पूर्ण भरली की शंभर किलोमीटरच्या आसपास जायची, त्याच्या पुढे भरवसा नाही. रस्त्याकडेला नवीन गाड्यांसाठी झटपट भरायची जी यंत्रं बसवली आहेत, त्यांची वायर माझ्या गाडीच्या तोंडात बसतच नाही. तिला घरचा प्लग आणि चार-पाच तास लागतात. कारखान्याला जाऊन येण्यापुरती ती उत्तम होती. सासरवाडी खालापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. तेवढं करून घरी परतलं की काट्यावर वीसएक टक्के उरायचे. मला तो हिशोब फार आवडायचा. ना कमी, ना जास्त.

दर दुसऱ्या गुरुवारी कारखान्याला सुट्टी असली की आम्ही जायचो. पहाटेची धार काढून, म्हशीपुढे वैरण टाकून बायको पिशवी घेऊन तयार असायची. आमची म्हैस तिच्याशिवाय कुणालाच पान्हा सोडत नाही. मी एकदा बायकोचं लुगडं अंगावर घेऊन बसलो होतो, तर म्हशीनं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मीच उठलो. त्यामुळे संध्याकाळच्या धारेला घरी असणं भाग होतं. पण खरं सांगायचं तर म्हशीचं नुसतं निमित्त होतं. धार संध्याकाळी असायची आणि मी सकाळी अकराच्या आतच सासरवाडीहून उठायचो.

तिथे मला अवघडायचं. मेव्हणा खोपोलीत टायरच्या दुकानात कामाला, त्याची बायकोही कामावर. दिवसा घरात सासूबाई एकट्या. मी ओटीवर आलो की त्या डोक्यावरचा पदर सारखा करून दाराआड उभ्या राहायच्या. मी बसलेला असताना त्या कधी बसल्या नाहीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढ्यात आमच्यात बावीस वाक्यं तरी झाली असतील का, शंका आहे. पाव्हण्यांसाठी ठेवलेल्या फुलांच्या कपबशीत चहा यायचा. मी तो प्यायचो, भिंतीवरच्या फोटोंकडे बघायचो, सासऱ्यांच्या फोटोची चौकट डावीकडे किती कलली आहे त्याचा अंदाज घ्यायचो आणि म्हणायचो, चला, निघू या. बायको उठायची. कधी कधी तिचं वाक्य अर्धं राहिलेलं असायचं. तेही तसंच पिशवीत घातल्यासारखं ती बरोबर घेऊन यायची.

येताना ती फारशी बोलत नसे. पळसदरीच्या बाजूला आलं की वर घाटात ठाकुरवाडीकडे चढणारी आगगाडी दिसते, मागून इंजिनं ढकलतात आणि ती मुंगीच्या पावलांनी वर जाते. बायको मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. मला वाटायचं, हिला रेल्वे आवडते.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. माझ्याकडे आतापर्यंतच्या वाणांतली एक चांदीची वाटी आणि दोन निरांजनं आहेत. ह्या खेपेला मेव्हण्यानं काहीतरी वेगळं करायचं ठरवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात ताडपत्रीखाली टेंपोतून आणलेली चार चाकं मांडून ठेवली होती. चकचकीत, चांदीसारख्या आऱ्यांची, माझ्या गाडीला होती त्याहून दोन इंचांनी मोठी, आणि त्यांवर हे रुंद टायर. तेहतीस अनारसे परातीत होतेच, त्यांवर दिवाही होता. सासूबाईंनी चारही चाकांना हळदकुंकू लावलं. मग मेव्हण्यानं शर्ट काढून ठेवला, जॅक लावला आणि जेवणं होईपर्यंत चारही चाकं चढवली. जुनी लोखंडी चाकं त्यानं पुसून माळ्यावर ठेवून दिली. दाजींची गाडी आता गाडीसारखी दिसते, असं तो सगळ्या आळीला सांगत होता. आणि दिसत होती, खोटं कशाला बोलू. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

त्या दिवशी पाठीमागे तांदळाचं पोतं होतं, पाऊस होता, आणि खोपोलीच्या नाक्यावरून जाताना चार लोकांनी बघावं म्हणून मी जरा जोरातही हाणली. कर्जत सोडलं आणि काट्याकडे लक्ष गेलं. जिथे चोवीस-पंचवीस दिसायला हवेत तिथे अकरा होते. कडावच्या अलीकडे पडद्यावर एक पिवळं कासव उगवलं. ते आलं की गाडी जपून, अगदी सावकाश चालते, तुम्ही कितीही पाय दाबा. दोन्ही बाजूंना पोपटी खाचरं, वर ढग टेकलेले, आणि मधून आम्ही बैलगाडीच्या चालीनं चाललो होतो. एक म्हातारा छत्री घेऊन पायी चालला होता, त्यानं आम्हांला मागे टाकलं. बायको हसायला लागली. मी हसलो नाही. घरी म्हैस हंबरत होती आणि काट्यावर तीन टक्के होते.

पुढचे काही दिवस मी पावसाला दोष दिला. ओल्या रस्त्यावर गाडी जास्त खाते हे खरं आहे. मग हवा तपासली, बॅटरीला शिव्या दिल्या. एका कोरड्या सकाळी उतारावर नेहमीसारखा पाय काढून घेतला, काच खाली केली, आणि वारा कानाशी येतो न येतो तोच गाडी मंदावली. आंबा अजून लांब होता. गाडी अलीकडे, रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीपाशीच थांबली होती. मी खाली उतरून मोरीपासून आंब्यापर्यंत पावलं मोजली. एकशे बारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोरी. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोरी. बॅटरीचा ह्यात संबंधच नव्हता, कारण घरंगळताना बॅटरी काही देत नाही. रस्ता धरून ठेवत होती ती चाकं. रबर रुंद, नक्षी खोल, वजन जास्त आणि तेही सगळं कडेला. अशा चाकाला फिरवायला ताकद लागते आणि फिरतं ठेवायलाही लागते. चप्पल घालून बांधावरून चालणारा माणूस गमबूट चढवून चालायला लागला की तीच वाट त्याला संध्याकाळपर्यंत पुरते. शंभराची गाडी पंच्याऐंशीची झाली होती.

ह्यातच एक गंमत होती, ती मी कुणाला सांगितली नाही. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जातो, पण गाडीला ते माहीत नसतं. ती जुन्याच मापानं मोजते. त्यामुळे मीटरवर सासरवाडी दोन-अडीच किलोमीटरनं जवळ आली होती, आणि बॅटरीवर लांब गेली होती. मोजमापाच्या माणसाला ह्याचा त्रास व्हायला हवा. मला मात्र गाडी चालवता चालवता त्या कमी झालेल्या अडीच किलोमीटरांचा विचार करत बसायला आवडायला लागलं. कुठला तुकडा गेला असेल? बहुधा खालापूरच्या पुढची करंजाच्या झाडांची रांग.

चाकं काढून ठेवणं हा साधा उपाय होता, पण तो करता येत नव्हता. ज्याला हळदकुंकू लागलं ते वाण; ते जावयानं काढून माळ्यावर टाकायचं आणि बघायला मेव्हणा येणार, जो रोज दुसऱ्यांच्या गाड्यांना चाकं बसवून हात काळे करतो आणि ज्यानं आयुष्यात एकदा मनासारखं काही बसवलं. मी खडूस आहे, पण इतका नाही.

म्हणून पुढच्या गुरुवारी सासरवाडीला पोचल्यावर मी फुलांच्या कपातला चहा पिऊन चला म्हणालो नाही. काट्यावर त्रेपन्न टक्के होते आणि त्यात कडाव गाठणं धोक्याचं होतं. घरघंटीसाठी भिंतीत मोठा प्लग होता. तो मागितला, खिडकीतून वायर घेतली आणि गाडीला लावली. साडेतीनपर्यंत हलता येणार नाही असं मी बायकोला सांगितलं. तिनं एकदा वायरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली.

धोंड्याच्या दिवशीसुद्धा आम्ही जेवून हात धुताच निघालो होतो; इतक्या वर्षांत मी त्या घराची दुपार पाहिलीच नव्हती. जेवण झालं, मी ओटीवरच्या खाटेवर आडवा झालो. ऊन अंगणात येत होतं आणि जात होतं. गाडीच्या चार्जरची एकसुरी गुणगुण, कोंबडीची कुठेतरी चाललेली तक्रार, डोंगरावरून खाली येणारा ओल्या गवताचा वास. आतल्या खोलीत सासूबाई पडल्या होत्या. कधीतरी माझा डोळा लागला. झोपेतच मला दोन बायका बोलताना ऐकू येत होत्या आणि त्यांतली एक हसत होती. ते हसणं ओळखीचं होतं आणि नव्हतंही. डोळे न उघडता मी ऐकत राहिलो. कुणाच्या तरी आंब्यावरून पडल्याची गोष्ट होती, पडलेल्या पोरीला आणखी मार कसा बसला त्याची. ती पोर म्हणजे माझी बायको, हे कळायला मला बराच वेळ लागला. बावीस वर्षांत तिनं मला ती आंब्यावर चढत होती हे सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

तीनच्या सुमारास चहा आला. माझा कपबशीत. बायकोचा मात्र स्टीलच्या वाटीत, घरातली माणसं पितात तसा. सकाळी तिलाही कप मिळाला होता. हा फरक माझ्या डोळ्यांनी टिपला, पण त्याचा अर्थ काही लागला नाही.

अर्थ परतीच्या वाटेवर लागला. पळसदरी मागे पडली होती. घाटात आगगाडी चढत होती, आणि बायको आज तिकडे बघत नव्हती. ती समोर बघत म्हणाली, "सकाळी आई मला वळखत नाय. कुनीतरी पाव्हणी आली समजते. जेवली, जरा पडून उठली, की मग वळखते. दुपारची ती माझी आई असते."

मी विचारलं, कधीपासून असं आहे.

"झालं वरीस. भाऊ सांगायचा मला. मी कधी बघितलं नव्हतं. तुमी तवर उठलेले असता."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानं मला जास्त लागलं. वर्षभर, दर दुसऱ्या गुरुवारी, मी माझ्या बायकोला एका अनोळखी बाईकडे चहाला नेत होतो आणि तिची आई यायच्या आत उठवून आणत होतो. गाडीत बसून मला माझी लाज वाटली. मी वेग कमी केला. काट्याला बरं पडतं, असं तोंडानं पुटपुटलो.

भाद्रपद गेला, आश्विन आला. खाचरं पोपटीची पिवळी झाली. आम्ही दर दुसऱ्या गुरुवारी जायचो आणि वायर लावायचो. सासूबाई सकाळी दोघांनाही कपबशी द्यायच्या, बायकोला बसा म्हणायच्या, पाणी विचारायच्या. मी आता ते बघू शकत होतो. मग गाडीकडे बघत त्या म्हणायच्या, हिचं जेवण झालं का. मी म्हणायचो, व्हायचंय. आमच्या वाक्यांची संख्या झपाट्यानं वाढत होती. दुपारी मी ओटीवर पडायचो. दाराआडून कुणाला तरी वेणी नीट न घातल्याबद्दल बोलणी बसायची, आणि पंचेचाळीस वर्षांची माझी बायको खाली बसून केस विंचरून घ्यायची. तिथे झोपेत मला नेहमी एकच स्वप्न पडायचं. उतार आहे, गाडी घरंगळते आहे, आणि आंबा जवळ येतच नाही. जागा झालो की त्याचं वाईट वाटायचं नाही.

दिवाळीनंतर मेव्हण्याला कळलं. त्याच्या दुकानात कुणी विजेच्या गाडीवाला आला होता, असलीच रुंद चाकं घालून पस्तावलेला. त्यानं काढून मूळची बसवायला सांगितली आणि का ते समजावूनही सांगितलं. पुढच्या गुरुवारी आम्ही पोचलो तर मेव्हणा रजा घेऊन अंगणात उभा होता. माळ्यावरची चारही लोखंडी चाकं खाली काढून, धुऊन, ओळीनं लावलेली होती.

"दाजी, मीच घात केला तुमच्या गाडीचा," तो म्हणाला. "चार महिने वायर लावून बसताय. बोलला का नाय तुमी मला?"

मी म्हणालो, बॅटरी जुनी आहे, चाकांचं काही नाही. त्याला ते पटलं नाही. मी खोटं बोलताना फार नेमकं बोलतो, त्यामुळे पकडला जातो. त्यानं जॅक लावला. बायको दारात उभी होती. तिनं एकदाही, असू दे म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. म्हणायचं होतं. पण खरं सांगू, एकीकडे मला माझे पंधरा किलोमीटर परतही हवे होते. सव्वीस वर्षं हातात व्हर्नियर धरलेला माणूस मी. मेव्हण्यानं शेवटचा नट आवळला आणि हात पुसत म्हणाला, आता कधीबी या, कधीबी जा, वायरीची कटकट नाय.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला जाताना उतारावर पाय काढला. गाडी मोरीवरून सुळकन गेली, एकशे बारा पावलं कधी संपली कळलं नाही, आणि आंब्याखाली येऊन थांबली. ज्याच्यासाठी चार महिने जीव टाकला ते झालं होतं. मी तिथे बसून राहिलो. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. शेतं कापून झाली होती, वाटेत ठिकठिकाणी पेंढ्याची उडवी रचलेली होती. करंजांची रांग पुन्हा जागेवर आली होती, मीटर खरं बोलायला लागलं होतं. अंगणात गाडी उभी केली तेव्हा काट्यावर एकसष्ट टक्के होते. बायकोनंही तो आकडा पाहिला. आताशा तो ती माझ्या आधी वाचते.

फुलांच्या कपांत चहा आला. सासूबाई पदर सावरून दाराआड उभ्या राहिल्या. बायकोला म्हणाल्या, लांबून आलाव, पाणी घ्या. बायकोनं पाणी घेतलं. मी चहा संपवला. कप खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि त्याबरोबर बायको उठली. मी काही बोललो नव्हतो. बावीस वर्षांची सवय होती तिला, त्या आवाजाची. तिनं पदर खोचला आणि खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली.

मी गाडीपाशी गेलो, मागचं झाकण उघडून वायर काढली, खिडकीतून आत सोडली आणि घरघंटीचा प्लग काढून तिथे लावली. गुणगुण सुरू झाली. बायको ओटीच्या कडेला उभी राहून हे सगळं बघत होती.

"किती येळ लागंल?" तिनं विचारलं.

"लागंल बराच," मी म्हणालो.

एकसष्टमध्ये कडाव किती आरामात येतं हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. तिनं पिशवी परत खुंटीला अडकवली आणि आत गेली, आणि जरा वेळानं आतून पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज यायला लागला.

दुपारी मी नेहमीच्या खाटेवर पडलो. झोप लागली की नाही, आठवत नाही. अंगणात कापणी झालेल्या शेतांचा कोरडा, गोडसर वास होता. आत आंब्यावरून पडल्याची तीच गोष्ट चालू होती, ह्या वेळी पोर पडली नव्हती, नुसती लोंबकळत होती. हसण्याचा आवाज आला. मग भांड्यांचा.

कुणीतरी माझ्याजवळ येऊन बसलं म्हणून मी डोळे उघडले. खाटेच्या कडेवर सासूबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर नव्हता, पांढरे केस वाऱ्यानं भुरभुरत होते. त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती. मी धडपडत उठायला लागलो तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. मागे दारात बायको उभी होती. त्या मला कोण समजत होत्या, लेक की आणखी कुणी, मी विचारलं नाही.

"पी रं," त्या म्हणाल्या. "निवंल."

वाटी दोन्ही हातांत धरून मी चहा प्यायलो, सावकाश. गाडीची गुणगुण केव्हाच थांबली होती, म्हणजे ती भरली होती. मी उठलो नाही.